एका घरात दोन राउटर: लश्करच्या दगडी घराला कोणती जोडणी बरी?

जिन्याखालचा

नमस्कार मंडळी. प्रश्न ग्वाल्हेरातल्या जुन्या घराचा आहे, पण इंदूर-बडोद्याकडच्या वाड्यांनाही लागू पडावा.

घर ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, दुमजली. भिंती वालुकाश्माच्या, दीड फुटाच्या, काही ठिकाणी त्याहून जाड. मधलं छत दगडी पट्ट्यांचं. फायबर समोरच्या बैठकीत उतरलंय आणि कंपनीचा ओएनटी, म्हणजे फायबर जिथे संपतं तो वाय-फायसकटचा डबा, तिथेच भिंतीवर आहे. प्लॅन २०० एमबीपीएसचा. बैठकीत पूर्ण वेग, चौकात कामापुरता, मागच्या खोल्यांत आणि वरच्या अभ्यासिकेत ठणठणपाळ. कपाटात दोन बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) एक चालू राउटर पडून आहे, तो वर लावायचा विचार आहे.

तर रिपीटर (सिग्नल ऐकून पुढे पाठवणारा) करू, केबल टाकू की मेश (एकमेकांशी जोडलेल्या वाय-फाय डब्यांचा संच) घेऊ? केबल टाकलीच तर ती दुसऱ्या राउटरच्या कोणत्या पोर्टात जाते? वाय-फायचं नाव खाली-वर एकच ठेवावं का? प्रिंटर खाली आणि लॅपटॉप वर, तरी छपाई व्हायला हवी. शिवाय मागच्या दोन खोल्या भाड्याने जाणार आहेत. भाडेकरूला नेट मिळावं, पण घरातलं काही दिसू नये.

तांब्याची तार

केबल. बाकी सगळं नंतर.

दीड फूट दगडातून ५ गिगाहर्ट्झ जात नाही असंच धरून चाला. २.४ एक भिंत कसाबसा ओलांडतो, दुसरीला संपतो. बैठकीत सहा अँटेनांचा राउटर आणून ठेवला तरी फार फरक पडत नाही, कारण फोनची ताकद तेवढीच राहते. राउटरचं बोलणं फोनला ऐकू येईल, फोनचं राउटरला नाही. वरती कांड्या पूर्ण आणि पान काही उघडत नाही, ही अवस्था बहुतेक त्यामुळेच होते.

कपाटातला राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे मुख्य डब्याचंच नेटवर्क पुढे नेणारा म्हणून, वापरा. तो आधी घरच्या नेटवर्कला लावू नका. नुसती वीज द्या, रीसेटचं बटण साधारण १० सेकंद दाबून फॅक्टरी स्थितीत आणा आणि लॅपटॉप केबलने त्याच्या लॅन पोर्टात लावा. पत्ता खालच्या स्टिकरवर छापलेला असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. आत गेल्यावर 'ऑपरेशन मोड'मध्ये 'ॲक्सेस पॉइंट' सापडला तर तोच निवडा. डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) वगैरे राउटर स्वतःच बंद करतो.

नाही सापडला तर हाताने. क्रम महत्त्वाचा आहे. आधी वाय-फायचं नाव, पासवर्ड, सुरक्षेचा प्रकार. मग लॅन सेटिंगमध्ये पत्ता बदला: मुख्य डबा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२, मास्क २५५.२५५.२५५.०. मुख्य डबा १९२.१६८.२९.१ वर असेल तर याला १९२.१६८.२९.२. राउटर पुन्हा सुरू होईल. नव्या पत्त्यावर लॉगिन करून डीएचसीपी सर्व्हर बंद करा. हे झाल्यावरच मुख्य डब्याच्या लॅनमधून निघालेली केबल याच्या लॅनमध्ये घाला. वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरून इंटरनेट घेणारा, वेगळ्या रंगाचा, रिकामा राहील.

आणखी एक. मुख्य डब्याचं पत्तेवाटप .२ पासून सुरू होत असेल तर ते .१० पासून करून घ्या. नाहीतर .२ हा पत्ता एखाद्या फोनलाही मिळेल आणि दोन यंत्रांची रस्सीखेच चालू राहील.

पोहे-जिलबी

वाखुसा (वाचनखूण साठवली).

पण ते १० सेकंदवालं बटण मुख्य डब्यावर दाबू नका रे कोणी! त्यात पीपीपीओईचं (कंपनीकडच्या लॉगिनचं) युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅनचा (एकाच तारेतल्या वेगळ्या वाटेचा) आकडा असं सगळं साठवलेलं असतं. ते पुसलं की कंपनीचा माणूस येईपर्यंत पुस्तकं वाचा.

मांडवीचा वाटसरू

तांब्याची तार, एका मुद्द्यावर असहमत. केबल वॅन पोर्टात घातली तरी नेट चालतं आणि सेटिंग जवळजवळ काहीच करावं लागत नाही. अट एकच, दोन्ही राउटरांच्या आतल्या पत्त्यांच्या मालिका वेगळ्या हव्यात. मुख्य १९२.१६८.१ वर असेल तर दुसरा १९२.१६८.५ वर टाका. दोन्ही एकाच मालिकेत राहिले तर दुसऱ्या राउटरला आत कोणतं आणि बाहेर कोणतं हेच कळत नाही, आणि लोक कंपनीला फोन लावत बसतात.

भाडेकरूसाठी तर हीच जोडणी बरी. त्याचं नेटवर्क वेगळं, पासवर्ड वेगळा, बहुतेक राउटरांत वेगाची मर्यादाही घालता येते.

शून्यएक

@मांडवीचा वाटसरू, नेट चालतं इथपर्यंत बरोबर. पण धागाकर्त्याला वरून प्रिंटर हवाय. वॅन जोडणीत पत्त्यांचं भाषांतर (आतल्या सगळ्या पत्त्यांना बाहेर एकच पत्ता) दोनदा होतं, आणि 'प्रिंटर शोधा' म्हटल्यावर जे संदेश जातात ते राउटर ओलांडत नाहीत. प्रिंटरचा पत्ता हाताने टाकला तर छपाई होते, आपोआप सापडत नाही. वरच्या फोनवरून खालच्या टीव्हीला कास्ट करणंही गेलं. बाहेरून कॅमेरे बघायला पोर्ट फॉरवर्ड (बाहेरची मागणी आतल्या यंत्राकडे वळवणं) केलं असेल तर ते दोन्ही राउटरांत करावं लागतं. आणि मुख्य डब्याच्या वॅनवर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर कंपनीनेच वर आणखी एक भाषांतर लावलेलं आहे. मग पोर्ट फॉरवर्ड दोन्हीकडे करूनही उपयोग नाही.

भाडेकरूचं तर उलटंच होतं. दुसऱ्या राउटरमागे बसलेला माणूस इंटरनेटकडे जाताना मुख्य नेटवर्कमधूनच जातो. त्याने ब्राउझरात १९२.१६८.१.१ टाकलं की मुख्य डब्याचं लॉगिन पान उघडतं. तुमचा प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, सगळं त्याच्या हाताशी. तुम्हाला तो दिसत नाही, त्याला तुम्ही दिसता. या जोडणीत जो आत बसतो तो झाकलेला राहतो. म्हणून वॅन जोडणी करायचीच तर भाडेकरू मुख्य डब्यावर आणि घरचे सगळे दुसऱ्या राउटरमागे. त्याहून स्वच्छ हवं असेल तर तीन राउटर: मुख्य डब्यावर कोणीच नाही, त्याच्या एका लॅनमधून घराचा राउटर, दुसऱ्या लॅनमधून भाडेकरूचा, दोन्ही वॅनमध्ये, तीन वेगळ्या मालिका.

पोहे-जिलबी

म्हणजे मालक आतल्या चौकात, भाडेकरू ओसरीवर. वाडा बांधणाऱ्यांना नेटवर्किंग येत होतं तर.

मांडवीचा वाटसरू

शून्यएक, मान्य. मग गेस्ट नेटवर्कचंही सांगून टाकतो, कारण पुढचा सल्ला तोच येणार. मुख्य राउटरवरचं गेस्ट नेटवर्क खरंच वेगळं असतं. पण ॲक्सेस पॉइंट मोडमधल्या दुसऱ्या राउटरचं गेस्ट बऱ्याच मॉडेलांत नावापुरतं असतं, कारण पत्ते देणारा आणि वाट अडवणारा तो नसतोच. तपासणी सोपी आहे. गेस्टला फोन जोडा आणि मुख्य डब्याचा पत्ता उघडून बघा. लॉगिन पान आलं, तर वेगळेपणा नाही.

अडगळ

भाडेकरूला स्वतःचं कनेक्शन घ्यायला सांगा. कनेक्शन ज्याच्या नावावर, विचारणा आधी त्याच्याकडे येते. राउटरांचं गणित नंतर.

जाळीदार

'केबल टाका' म्हणणं सोपं आहे. दगडाला भोक कोण पाडणार? मेशचा तीन डब्यांचा संच घ्या, ॲपवरून लागतो. तीन रेडिओंचा घेतलात तर बऱ्याच संचांत त्यातला एक रेडिओ डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी राखीव असतो. एक डबा बैठकीत, दुसरा चौकाच्या कडेला, तिसरा जिन्याच्या वळणावर. डबे एकमेकांना मोकळ्या जागेतून दिसले पाहिजेत, दगडातून नव्हे. जुन्या घरात चौक आणि जिना हेच सिग्नलचे रस्ते.

तांब्याची तार

चौकाचं आणि जिन्याचं शंभर टक्के बरोबर. ज्यांना भोक पाडणं शक्यच नाही त्यांच्यासाठी हाच उपाय.

पण हवेतून जोडलेल्या प्रत्येक टप्प्याची किंमत मोजावी लागते. साधा रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर पुन्हा बोलतो, दोन्ही एकदम करता येत नाही. म्हणून एका टप्प्याला वेग निम्मा, दुसऱ्याला चौथाई. दोन बँडचा रिपीटर एका बँडवर ऐकून दुसऱ्यावर बोलला तर नुकसान कमी होतं, इतकंच. शिवाय लोक रिपीटर नेमका सिग्नल नसलेल्या खोलीत लावतात. जिथे सिग्नलच नाही तिथे पुन्हा काय बोलणार? तो अर्ध्या वाटेवर, जिथे वाय-फाय ॲनालायझर ॲपमध्ये -६० ते -६५ डीबीएम दिसतं, तिथे लागतो. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. -७५ च्या पलीकडे व्हिडिओ कॉल अडखळतो.

मेश घ्यायचाच तर लॅन पोर्ट असलेला घ्या आणि डबे केबलने जोडा. आणि एक विसरतात: कंपनीचा ओएनटी स्वतः राउटरच असतो, त्यामागे मेश मूळ सेटिंगमध्ये लावला की पुन्हा शून्यएक म्हणतात ते दुहेरी भाषांतर. ॲपमध्ये जाऊन मेशला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका. काही संचांत याला ब्रिज मोड म्हणतात.

चुन्याचा सांधा

जाळीदारांनी विचारलं दगडाला भोक कोण पाडणार. ग्वाल्हेरच्या दगडात काम करायची एक पद्धत आहे, तीच सांगतो.

दगडाच्या मधोमध ड्रिल लावू नका. दोन दगडांमधल्या सांध्यात लावा, तिथे चुना असतो, बिट सरळ जातं आणि दगडाचा टवका उडत नाही. साधं ड्रिल मशीन नको, रोटरी हॅमर हवा, भाड्याने मिळतो. बिट १० मिलिमीटरचं आणि भिंतीपेक्षा लांब, म्हणजे दीड फुटाच्या भिंतीला दोन फुटांचं. आधी छोट्या बिटाने वाट करा, मग लांब लावा, नाहीतर ते पलीकडे भलतीकडेच निघतं. बाहेरच्या भिंतीत भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं ठेवा, पावसाचं पाणी आत येत नाही. केबल भोकात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, थेंब तिथून गळून पडतात.

छताच्या पट्टीला भोक पाडूच नका. दगडी पट्टी वजन पेलत असते, तिला तडा गेला तर वाय-फाय राहिलं बाजूला. वर जायचं ते जिन्याच्या भिंतीने किंवा चौकाच्या कोपऱ्याने.

केबल कॉइलमधून कापून, प्लग न लावता ओढा. कॅट ६ केबल साधारण ६ मिलिमीटर जाड असते, १० च्या भोकातून आरामात जाते. प्लग लावलेला असेल तर भोक १६ चं लागतं. भिंतीवर पीव्हीसीची केसिंग पट्टी. तीच पट्टी विजेच्या वायरसाठी वापरू नका, वेगळी घ्या. लांबवर समांतर जाणार असेल तर दोन्हींत आठ-दहा इंचांचं अंतर ठेवा, ओलांडायचं असेल तिथे काटकोनात ओलांडा.

घरात पाइपातून गेलेली, केबल-टीव्हीची जुनी वायर असेल आणि ती वापरात नसेल तर नशीबच. तिच्या टोकाला नवी केबल घट्ट बांधा, वर इन्सुलेशन टेप गुंडाळा, एकाने पलीकडून ओढायचं, दुसऱ्याने अलीकडून ढकलायचं. पाऊण इंची पाइपात दोन केबल मावतात.

तांब्याची तार

+१. केबल घेताना एवढं बघा: दुकानात 'कॅट ६' म्हणून जे स्वस्तात मिळतं त्यातलं बरंच तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. आवरणावर सीसीए असं छापलेलं असतं, कधी तेही नसतं. आतली एक तार ब्लेडने खरवडा. आतून चांदीसारखी पांढरी निघाली तर ठेवून द्या. ती वाकवताना तुटते, लांबवर सिग्नल पडतो आणि पीओई (केबलीतूनच वीज) दिलं तर गरम होते. शुद्ध तांब्याची कॅट ५ई सुद्धा गिगाबिटला १०० मीटरपर्यंत पुरते. तुमच्या घरात २५-३० मीटरच्या वर लागणार नाही, तेव्हा सीसीएच्या कॅट ६ पेक्षा तांब्याची कॅट ५ई केव्हाही चांगली.

दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. प्लगची कडी खाली आणि पितळी टोकं वर धरून डावीकडून मोजा. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. कॅट ६ ची तार जाड असते, तिला कॅट ६ चाच प्लग घ्या. नंतर आठ दिव्यांच्या टेस्टरने तपासा आणि आठही दिवे क्रमाने लागलेच पाहिजेत. काही कारागीर चारच तारा लावतात, 'नेट चालतंय ना साहेब' म्हणून निघून जातात. चार तारांवर १०० च्या वर वेग जात नाही.

अडगळ

विजेच्या वायरीतून नेट नेणारे पॉवरलाइन ॲडॅप्टर कोणी सुचवले नाहीत अजून?

शून्यएक

सुचवू नयेत म्हणून. घराला थ्री फेज असेल आणि खालचा-वरचा मजला वेगवेगळ्या फेजवर असेल तर ते एकमेकांना नीट सापडत नाहीत. एक टोक इन्व्हर्टरच्या वायरिंगवर आणि दुसरं थेट मीटरवर असलं तरी तेच. एक्स्टेन्शन बोर्डात किंवा सर्ज प्रोटेक्टरमध्ये लावले तर उरलासुरला वेगही जातो. भाड्याच्या घरात, सगळं वायरिंग एका फेजवर असेल तर वापरून बघावं. घेण्याआधी परत करता येईल याची खात्री करून.

आता नावाचा प्रश्न, तो राहिलाच होता. एकच नाव ठेवा, पासवर्डही तोच, आणि सुरक्षेचा प्रकारही तोच. एकावर डब्ल्यूपीए२ आणि दुसऱ्यावर डब्ल्यूपीए३ ठेवलं तर फोन एकावरून दुसऱ्यावर नीट उडी मारत नाही. लहान-मोठं अक्षरसुद्धा जुळलं पाहिजे. चॅनल मात्र वेगळे: २.४ वर एकाला १, दुसऱ्याला ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ४० ठेवली तर शेजाऱ्यांचाही गोंधळ आणि तुमचाही. ५ वर एकाला ३६, दुसऱ्याला १४९, रुंदी ८०.

५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते १४४ हे चॅनल रडारशी वाटून घेतलेले असतात. राउटरला रडार ऐकू आला की तो चॅनल सोडतो, आणि अशा नव्या चॅनलवर जाण्याआधी मिनिटभर नुसता ऐकत बसतो. ग्वाल्हेरला महाराजपुऱ्याकडे हवाईदलाचा तळ आहे. त्या बाजूला राहणाऱ्यांचं ५ गिगाहर्ट्झ अधूनमधून गायब होत असेल तर आधी चॅनल बघावा.

कधी उडी मारायची हे फोन ठरवतो, राउटर नाही. आयफोन -७० डीबीएमच्या खाली गेल्यावर दुसरा शोधायला लागतो. सिमेंटच्या फ्लॅटमध्ये दोन्ही राउटरांची ताकद 'मध्यम' करावी लागते, नाहीतर फोन पहिल्यालाच चिकटून बसतो. दगडी घरात ती गरज क्वचित पडते. इथे अडचण उलटी आहे: जिन्यात दोघांचाही सिग्नल तुटतो आणि चालू कॉल पडतो. म्हणून वरचा राउटर अभ्यासिकेच्या टोकाला नको, जिन्याकडच्या दाराजवळ लावा. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा यांच्यामागे नको. ८०२.११आर ची (पटकन उडी मारायची) सोय दोन्हीकडे असेल तर चालू करून बघा, पण जुने प्रिंटर आणि स्मार्ट बल्ब त्यावर जोडलेच जात नाहीत असं होतं. तसं झालं की बंद.

जाळीदार

स्मार्ट बल्ब, कॅमेरे बहुतेक २.४ वरच चालतात. दोन्ही बँडना एकच नाव असेल आणि बल्ब जोडला जात नसेल तर ५ गिगाहर्ट्झ तेवढ्यापुरतं बंद करा, बल्ब जोडा, परत चालू करा.

गच्चीवरची टाकी

सगळे चॅनलमध्ये अडकलेत, उन्हाळा कोणी बघितलाच नाही. घरगुती राउटरांच्या कागदावर चालण्याचं तापमान बहुधा ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि वरच्या मजल्यावरची खोली संध्याकाळपर्यंत भट्टीच. राउटर दुपारी आपोआप बंद-चालू होऊ लागला तर कंपनीला शिव्या घालण्याआधी त्याला हात लावून बघा. भिंतीवर उभा, चारही बाजूंनी हवा लागेल असा ठेवा. कपाटात, टीव्हीच्या मागे, कव्हर घालून नको. त्यावर क्रोशाचा रुमाल तर मुळीच नको, आजी रागावली तरी. बऱ्याचदा आधी ॲडॅप्टर मरतो, राउटर नाही. तेव्हा त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा लावून बघा.

लाइट जाते त्याचंही बघा. ओएनटी बॅकअपवर आणि वरचा राउटर साध्या बोर्डावर, असं असलं की लाइट गेल्यावर वरचा मजला मुका. दोघांनाही १२ व्होल्टचा मिनी यूपीएस द्या. मात्र आधी राउटरच्या स्टिकरवर व्होल्ट वाचा, काही ९ व्होल्टचे असतात. पिनचं चिन्हही बघा, बहुतेकांत मधला भाग धन असतो. घरच्या इन्व्हर्टरवर राउटर असेल आणि तरी लाइट गेल्यावर रीस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टरच्या मागचा स्विच 'यूपीएस'वर करा.

गच्चीवरून शेजारच्या इमारतीत केबल टाकणारे असतात, त्यांना सांगणं: तांबं नको. वीज जवळपास कुठे पडली तरी दोन्ही बाजूंचे पोर्ट उडतात. फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि नेटची केबल जोडणारा डबा) लावा. एका तारेवर चालणारे घेतले तर एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी, दोन ए जोडले तर दिवा लागत नाही. फायबरसोबत आधाराची पोलादी तार येते, ती आत आणू नका. बाहेरच तोडा, नाहीतर फायबर टाकून काय मिळवलं?

जिन्याखालचा

मंडळी, बरंच हाती लागलं. केबल जिन्याच्या भिंतीने नेतो. दोन शंका. कपाटातल्या राउटरच्या खाली पोर्टांपुढे '१०/१००' छापलंय. आणि ओएनटीला चार लॅन पोर्ट आहेत, त्यातल्या एकावर 'आयपीटीव्ही' लिहिलंय. केबल कुठून काढू?

तांब्याची तार

आयपीटीव्ही सोडून कुठूनही. तो पोर्ट बऱ्याचदा वेगळ्या व्हीलॅनला बांधलेला असतो, त्यातून टीव्हीचा डबा चालेल, इंटरनेट येणार नाही. बाकीचे तीनही चालतातच असं धरू नका, कधीकधी कंपनीने एखादाच पोर्ट उघडा ठेवलेला असतो. आधी लॅपटॉप लावून नेट येतंय का बघा, मग भिंतीला हात घाला. ओएनटीचे सगळेच पोर्ट गिगाबिट असतात असंही नाही, काहींत पहिलाच असतो. लॅपटॉपला लिंक स्पीड १००० दिसतो तो पोर्ट वर न्या.

१०/१०० चा अर्थ वर जास्तीत जास्त ९४-९५ एमबीपीएस मिळतील, वाय-फायच्या खोक्यावर कितीही मोठा आकडा असो. व्हिडिओ कॉल, अभ्यास, टीव्ही याला पुरेसं आहे. तेव्हा आत्ता हाच लावा. केबल मात्र आठही तारा जोडून तयार ठेवा, पुढे कधी गिगाबिट पोर्टांचा राउटर घेतला तर भिंतीतलं काही बदलावं लागणार नाही.

भाडेकरूसाठी मागेही एक केबल आत्ताच टाकून घ्या. हॅमर एकदाच भाड्याने आणायचा.

शून्यएक

लावल्यावर जे बिघडतं ते आत्ताच सांगतो, म्हणजे परत धागा वर यायला नको.

डीएचसीपी बंद केल्यावर दुसऱ्या राउटरचं पान उघडत नाही, कारण त्याला थेट लावलेल्या लॅपटॉपला आता पत्ता देणारं कोणी नाही. लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसेल. त्याला हाताने १९२.१६८.१.५० द्या आणि १९२.१६८.१.२ उघडा. मुख्य डब्याला केबल लागल्यावर हे करावं लागत नाही.

काही फोनांना नेट आहे, काहींना नाही, असं झालं तर फोनच्या वाय-फाय तपशिलात गेटवे (बाहेर जायच्या वाटेचा पत्ता) बघा. तो १९२.१६८.१.१ हवा. .२ दिसला तर दुसऱ्याचं डीएचसीपी चालूच राहिलंय. गेटवे बरोबर असूनही वरच्या मजल्यावर काही साइट अडखळत असतील तर दुसऱ्या राउटरचं आयपीव्ही६ चं (नव्या पद्धतीच्या पत्त्यांचं) पान उघडा आणि तिथलं पत्तेवाटप व राउटर जाहिरातही बंद करा. आयपीव्ही६ साठी वेगळं बटण असतं.

सगळं घर एकदम ठप्प झालं आणि राउटरचे सगळे दिवे एका तालात वेड्यासारखे लुकलुकू लागले तर दोन राउटरांमध्ये दोन केबली लागल्यात. 'एक जादा लावली तर वेग वाढेल' असं वाटून कोणीतरी लावतंच. एक काढा.

मांडवीचा वाटसरू

आणि प्रिंटरला पत्ता पक्का करून द्या. मुख्य डब्याच्या डीएचसीपीमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' असतं, तिथे प्रिंटरचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा क्रमांक) टाकून एक आकडा कायमचा द्या. नाहीतर लाइट जाऊन आली की प्रिंटरचा पत्ता बदलतो आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो.

पोहे-जिलबी

एक गंभीर प्रश्न. दिवाळीत भिंतीबरोबर केसिंग पट्टीलाही रंग मारला तर सिग्नल अडेल का?

चुन्याचा सांधा

सिग्नल तारेतून जातो हो, रंगाचं त्याला काही नाही. पण ऑइल पेंट मारलात तर पट्टीचं झाकण खालच्या भागाला चिकटतं आणि पुढे उघडताना तुटतं. रंगाऱ्याला सांगून झाकणाच्या कडेला मास्किंग टेप लावून घ्या. आणि टेप काढायला सांगा, ते तसंच सोडून जातात.